गप्प बसायला शिकलेल्या बाई

दुपारची सुट्टी संपत आली होती. लंडनमधल्या पिनरच्या आमच्या प्रायमरी शाळेच्या पटांगणात माझी ड्यूटी होती आणि मुलं रांगेत उभी राहायला कुरकुरत होती. खिशात फोन थरथरला. मेसेज एलियामामांचा. मला आधी वाटलं, काहीतरी चुकून आलंय, कारण एलियामामा मेसेज लिहीत नसत. ते फोन करत, नाहीतर व्हॉइस नोट पाठवत, आणि तीही अशी की जणू बस डेपोच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक मारतायत. हा मेसेज मात्र लिहिलेला होता. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. ‘ताई गेली. आज सकाळी. झोपेत. एलिया.’ ‘झोपेत’च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्तीचं पडलं होतं... मी ते पुन्हा वाचलं, आणि रडू यायच्या आधी माझ्या मनात काय आलं असेल, तर हा मेसेज बाईंना दाखवायला हवा होता. मामांनी स्वतः लिहिलाय, कुणालाही न विचारता.

बाई म्हणजे सिपोरा झिराडकर. आडनाव अलिबागजवळच्या गावाचं, जन्म मुंबईचा, धर्म ज्यू आणि भाषा मराठी. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्राएल समाजातल्या त्या. मुंबईत शिक्षिकेची पदविका घेतली, लग्न झालं आणि लंडनला आल्या, त्याला एक आयुष्य लोटलं होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. इथल्या त्यांच्या मंडळींच्या घरातून मराठी हळूहळू निघून गेली, बाईंच्या घरातून मात्र गेली नाही, कारण धाकटा भाऊ एलिया दर शुक्रवारी जेवायला यायचा आणि त्याच्याशी इंग्रजीत बोलायला बाईंना लाज वाटायची. ‘त्याच्याशी इंग्लिशमध्ये बोलले तर कौन्सिलच्या ऑफिसात बसल्यासारखं वाटतं गो,’ असं त्या म्हणत.

मी नागपूरची. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागून इथे आले. तिकडे हायस्कूलला इंग्रजी शिकवलेलं, इथे आल्यावर टीचिंग असिस्टंट म्हणून लागले. पहिल्याच आठवड्यात कॉरिडॉरमध्ये उभी राहून आईशी फोनवर बोलत होते आणि तोंडातून आमच्याकडचं ‘काऊन?’ निघून गेलं. मागून आवाज आला, ‘काऊन? नागपूर का गो?’ वळून पाहिलं तर सुती साडीवर निळं कार्डिगन घातलेल्या, ठेंगण्या, साठीकडे झुकलेल्या एक बाई हातात खडूचा डबा घेऊन उभ्या. लंडनच्या शाळेत एव्हाना कुणी खडू वापरत नव्हतं. बाई वापरत. फरशीवर अक्षर काढून त्यावरून मुलांना पायांनी चालायला लावत. सगळ्या शाळेच्या त्या ‘मिसेस झेड’. माझ्यासाठी त्या दिवसापासून ‘बाई’.

वाचता न येणारी मुलं त्यांच्याकडे पाठवायची, असा शाळेत रिवाजच पडला होता. लायब्ररीशेजारच्या खोलीत रडवेलं होऊन गेलेलं मूल हसत बाहेर येई. मी दारातून बघत राही. बाईंचा जीव त्या मुलात इतका गुंतलेला असे, की ते अडखळायच्या आधीच पुढचा शब्द बाईंच्या ओठांवर तयार. ‘द... डॉग... रॅन...’ मूल वाचतंय की बाई वाचतायत हे कळू नये, असं ते दोघांचं एकत्र चाललेलं असायचं. मला ते फार सुंदर वाटे. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं. पण त्याची दुसरी बाजू पुढे आम्हा दोघींना शिकावी लागली.

तेव्हा एमी नावाची एक मुलगी होती. गोष्ट ऐकून शब्दन्‌शब्द परत सांगायची, आणि तीच गोष्ट छापलेली समोर आली की पोट दुखतंय म्हणून बाथरूममध्ये जाऊन बसायची. बाईंनी हेडटीचरला सांगितलं, या मुलीला डिस्लेक्सिया आहे, तिला वेगळं शिकवायला पाहिजे. हेडटीचर वाईट बाई नव्हत्या. त्या म्हणाल्या, ‘सिपोरा, तुम्ही म्हणताय ते खरं असेल. पण मला क्वालिफाइड असेसरचा रिपोर्ट लागेल.’ बाहेरच्या असेसरची वाट बघण्यात सगळी टर्म गेली. त्या दिवशी स्टाफरूममध्ये बाईंनी चहाचा कप जरा जोरातच ठेवला. ‘म्हणजे माझं ते ओपिनियन आणि तिचा तो रिपोर्ट! असू दे. मग रिपोर्ट लिहायलाच शिकते.’

ज्या वयात त्यांच्या बरोबरीच्या शिक्षिका रिटायरमेंटच्या सहली ठरवत होत्या, त्या वयात बाईंनी युनिव्हर्सिटीच्या पदव्युत्तर डिप्लोमासाठी अर्ज केला. वाचनाची अडचण असलेल्या मुलांना शिकवायचं आणि त्यांची रीतसर तपासणी करायची, असा तो कोर्स. डिप्लोमा मिळाला की त्यावर प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट, आणि तेही काही वर्षांनी पुन्हा नवं करून घ्यायचं. माझी बीएड एव्हाना इथे मान्य झाली होती. बाई म्हणाल्या, ‘तुझी सई शाळेत जायला लागली. आता घरी बसून काय करतेस शनिवारी? चल माझ्याबरोबर. एकटीने मला ते कॉम्प्युटरवर असाइनमेंट चढवायचं जमायचं नाही.’ असाइनमेंट चढवायला मला नेलं, आणि माझं पुढचं आयुष्य ठरवून टाकलं.

दर दुसऱ्या शनिवारी आम्ही मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनने जायचो. बाईंच्या पिशवीत डब्यात पोळीची गुंडाळी, एक सफरचंद आणि वाचायचे लेख. वर्गात सगळ्या तिशी-चाळिशीतल्या. शब्दातले आवाज मेंदू कसे वेगळे करतो, ऐकलेलं ध्यानात किती वेळ राहतं, एखादी टेस्ट कुणावर बेतलेली असते, इंग्रजी ही जिची दुसरी भाषा आहे त्या मुलीचे गुण कसे वाचायचे... बाई पहिल्या बाकावर बसून सगळं ऐकत आणि चहाच्या सुट्टीत माझ्याशी भांडत. ‘पोराला आकड्यात बसवायचं म्हणजे काय? मला मूल बघितल्यावर कळतं.’ मी म्हणायची, ‘बाई, तुम्हाला कळतं. पण तुम्ही दुसऱ्या शाळेत नसता ना.’ त्यावर त्या सफरचंद कापायला घेत. निबंध त्या आधी मराठीत लिहीत, मग इंग्रजीत करत. पहिल्या निबंधावर आमच्या ट्यूटरने लिहिलं होतं की विचार स्वच्छ आहेत, फक्त आधार द्या. बाईंना ‘आधार’ शब्दाचा भारी राग आला. पुढचा निबंध त्यांनी आधारांनी असा भरला की त्यात त्या स्वतः सापडेनात.

खरी परीक्षा होती ती टेस्ट घेण्याची. एका मुलाची पूर्ण तपासणी करायची आणि ती व्हिडिओवर द्यायची. नियम कडक. सूचना जशा छापल्या आहेत तशाच वाचायच्या. उत्तर बरोबर आलं तरी शाबास म्हणायचं नाही, चुकलं तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही. मान डोलवायची नाही. बाईंनी एमीच्या आईची परवानगी घेतली आणि एमीची टेस्ट घेतली. आम्हाला दोघींनाही वाटलं होतं, उत्तम झाली.

व्हिडिओ नापास झाला.

ट्यूटर मार्गरेट नावाची उंच, मोजकं बोलणारी स्कॉटिश बाई होती. तिने बाईंना बोलावलं, आणि बाईंनी मला हात धरून सोबत नेलं. मार्गरेटने व्हिडिओ लावला. एमीपुढे शब्दांची यादी आहे. एमी एका शब्दापाशी थांबते. बाई शांत बसल्या आहेत, हात मांडीवर, मान सरळ. मार्गरेटने तिथे चित्र थांबवलं आणि मोठं केलं. बाईंचे ओठ हलले होते. आवाज नाही, नुसता आकार, त्या शब्दाच्या पहिल्या अक्षराचा. आणि एमी कागदाकडे बघतच नव्हती. ती बाईंच्या ओठांकडे बघत होती. पुढचा शब्द, पुन्हा तेच. त्याच्या पुढचाही. मार्गरेट अगदी हळू म्हणाली, ‘सिपोरा, हा रिपोर्ट एमीचा नाहीये. एमी आणि सिपोरा, दोघींचा मिळून आहे. तुम्ही नसताना ती काय करते, ते यातून मला कळत नाही.’ बाई पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अपमान नव्हता. काहीतरी फार जुनं ओळखू यावं तसा तो चेहरा झाला होता.

बाहेर आल्यावर आम्ही युनिव्हर्सिटीसमोरच्या छोट्या बागेत बाकावर बसलो. बाई म्हणाल्या, ‘मी सोडते हा कोर्स.’ मी समजूत काढायला लागले तर म्हणाल्या, ‘नापास झाले म्हणून नाही गो. माझ्या एल्याची आठवण झाली.’ आणि मग त्यांनी सांगितलं. मुंबईतली त्यांची मराठी शाळा लहान होती, दोन इयत्ता एका वर्गात बसत. एलियाला अक्षरं कळत, पण जोडाक्षर आलं की सगळं विस्कटे, वेलांटी कुठली कुठे जाई. गुरुजी हातावर छडी मारत. म्हणून सिपोरा रोज संध्याकाळी त्याला धडा वाचून दाखवी, त्याच्याकडून पाठ करून घेई, आणि दुसऱ्या दिवशी तो पुस्तक उघडं धरून घडाघडा म्हणे. अडलाच तर ताई शेजारच्या बाकावरून ओठ हलवी. कितीतरी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. मग एकदा गुरुजींनी ताईला फळा पुसायला बाहेरून पाणी आणायला धाडलं आणि एलियाला न झालेला धडा वाचायला सांगितलं. ती परत आली तेव्हा तो बाकावर उभा होता आणि सगळा वर्ग ‘ढ, ढ’ म्हणत होता. सातवीनंतर त्याने शाळा सोडली, गॅरेजमध्ये लागला. पुढे ताईने लंडनला आणलं, इथे बस डेपोत मेकॅनिक झाला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. लायसन्सपासून गॅसच्या बिलापर्यंत त्याचा एकूण एक कागद आधी ताईने, मग बायकोने आणि बायको गेल्यावर पुन्हा ताईने वाचला. ‘मला वाटलं मी त्याला वाचवते,’ बाई म्हणाल्या. ‘आणि मी त्याला झाकून ठेवलं. मी गप्प बसले असते, तर कुणीतरी बघितलं असतं ना, की पोराचं नेमकं कुठे अडतं?’

मी म्हटलं, ‘बाई, तेव्हा तिथे बघणारं कोण होतं? छडीच होती.’ त्या म्हणाल्या, ‘ते खरंय. पण आता आहे ना कुणीतरी.’ मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘मार्गरेटला विचारून ये, पुन्हा व्हिडिओ कधी द्यायचा ते.’

त्यानंतर बाईंनी गप्प बसण्याचा रियाज सुरू केला, याला दुसरा शब्द नाही. रविवारी आमच्याकडे येत आणि सई बुटांची नाडी बांधायला बसली की समोर खुर्ची ओढून बसत. सई नाडीशी झटे, गाठ उलटी पडे, ती बाईंकडे बघे, आणि बाई हात पाठीमागे धरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. घामाघूम होत. ‘तिची नाडी बांधून झाली, माझी मात्र ब्लड प्रेशरची गोळी घ्यायची वेळ झाली,’ म्हणत. हळूहळू त्यांना जमायला लागलं. आणि त्याबरोबर त्यांना काहीतरी दिसायलाही लागलं. एकदा शाळेत एका मुलीला वाचायला देऊन त्या नुसत्या बसल्या होत्या. मुलगी गेल्यावर उत्साहाने माझ्याकडे आल्या. ‘अगं, ती शब्दाचं शेपूटच बघत नाही! सुरुवात बघते आणि ठोकून देते. चार महिने मी तिला शिकवतेय आणि मला आज कळलं. माझ्याच आवाजात मला ऐकू येत नव्हतं!’ ज्या कोर्सशी त्या इतकं भांडल्या, त्याच्याबद्दल त्या दिवसापासून कुणी वाकडं बोललेलं त्यांना चालेना.

दुसरा व्हिडिओ एका नव्या मुलीचा होता. पास झाला. मार्गरेटने शेऱ्यात एकच वाक्य लिहिलं होतं, मुलीला विचार करायला जागा मिळाली. आम्हा दोघींचा डिप्लोमा झाला, मग दोघींना सर्टिफिकेट आलं. बाईंनी ते फ्रेम वगैरे केलं नाही, फ्रीजवर लोहचुंबकाने लावलं, दुधाच्या बिलाशेजारी. एमीला बाईंच्या ओठांची सवय होती, म्हणून तिची नव्याने तपासणी मी केली आणि रिपोर्ट हेडटीचरच्या टेबलावर ठेवताना बाई माझ्या बाजूला उभ्या होत्या. एमीला रोजचा वेगळा तास मिळाला, परीक्षेत जास्तीचा वेळ मिळाला. ती आता सेकंडरीत आहे आणि नाटकात काम करते. संवाद वाचून पाठ करते, ऐकून नव्हे.

सर्टिफिकेट आल्यावर पहिल्याच शुक्रवारी बाईंचा फोन. ‘एल्याची टेस्ट घ्यायची आहे. मला घेता येत नाही, नात्यातल्या माणसाची घ्यायची नाही असा नियम. तू घे.’ मी विचारलं, ‘मामा तयार आहेत?’ ‘नाही. पण माझ्यावर रागावून येईल.’

एलियामामा रविवारी सकाळी आमच्या घरी आले ते टाय लावून. रुंद खांदे, बोटांच्या पेरांत मुरलेलं ग्रीस, आणि डोळ्यांत शाळेच्या दारात उभ्या केलेल्या मुलाची भीती. बाईंना मी सईबरोबर स्वयंपाकघरात बसवलं आणि दार लावलं. आकारांची कोडी मांडली तेव्हा मामांनी ती अशी सोडवली की मला घड्याळ लावायला फुरसत मिळेना. मग अर्थ नसलेले, मुद्दाम बनवलेले शब्द वाचायचे होते. खरे इथे लिहिणार नाही, टेस्टमधले शब्द बाहेर सांगायचे नसतात. मामा पहिल्या शब्दापाशी थांबले. ‘असा शब्द जगात आहे का?’ मी छापील सूचनाच पुन्हा वाचली, की हे बनवलेले शब्द आहेत. मामांचा चेहरा उजळला. ‘म्हणजे कुणालाच येत नाहीत? मग बरं. आज सगळे सारखे.’ आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं ते त्या शब्दांशी झगडले. मी गप्प बसून होते. बाईंना नाडीपुढे काय होत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

मराठी वाचनाची तशी प्रमाणित टेस्ट माझ्याकडे नव्हती, म्हणून लहानपणची सगळी हकीकत बाईंकडून लिहून घेतली आणि रिपोर्टात जोडली. निष्कर्ष सांगायला बाईंच्या घरी गेले. मी सावकाश समजावलं. विचार करण्याची ताकद पुष्कळांपेक्षा जास्त, शब्दातले आवाज वेगळे करण्यात मोठी अडचण, डिस्लेक्सिया. मामांनी विचारलं, ‘म्हणजे ढ नाही?’

‘नाही, मामा.’

‘हे तू म्हणतेस, का कागद म्हणतो?’

‘कागदही म्हणतो. खाली माझी सही आहे, सर्टिफिकेटचा नंबर आहे.’

त्यांनी त्या पानावर पंजा पसरून ठेवला. मग बहिणीकडे वळले. मला वाटलं आता डोळे पुसतील. ते म्हणाले, ‘तू का वाचलंस माझ्यासाठी? आयुष्यभर? मला एकदा तरी नापास होऊ द्यायचं होतंस.’ बाई म्हणाल्या, ‘तुला मारायचे रे ते.’ ‘मार बरा होतो ताई,’ मामा म्हणाले, आणि कोट घेऊन निघून गेले. पुढचे काही शुक्रवार ते आले नाहीत. बाई दोन ताटं घ्यायच्या आणि एक उचलून ठेवायच्या. मला म्हणाल्या, ‘त्याला बोलू दे. मी काही सांगायला गेले तर पुन्हा मीच बोलेन.’ त्या काळात मला प्रथमच त्यांची काळजी वाटली. पण त्यांनी फोन केला नाही, निरोप धाडला नाही. थांबल्या.

एका शुक्रवारी दाराशी बेल वाजली. मामा हातात न फोडलेली पाकिटं घेऊन उभे. टेबलाशी बसले आणि म्हणाले, ‘आज मी वाचतो. तू बस. बोलायचं नाही.’ पहिलं पाकीट पाण्याच्या कंपनीचं होतं. ते वाचून होईस्तोवर नारळाच्या सांबाऱ्यातला मासा गार झाला. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ‘कार्डिगनची बाही चावून चावून भोक पडलं गो. पण बोलले नाही.’

मग दर गुरुवारी मामा माझ्याकडे शिकायला येऊ लागले. ‘हिच्याकडे नको, हिला अजून पूर्ण जमत नाही,’ असं बहिणीसमोरच म्हणाले. मी विचारलं, मामा, तुम्हाला काय वाचायचंय? त्यांनी सांगितलं, वल्हांडणाच्या सणाचं पुस्तक. मिसरच्या गुलामीतून सुटल्याची कहाणी त्या संध्याकाळी टेबलाभोवती बसलेली माणसं आळीपाळीने वाचतात, एकेक परिच्छेद. मामांची पाळी आली की दर वर्षी चष्मा घरी राहिलेला असे. सगळ्यांना ते माहीत झालं होतं, आणि पुस्तक आपोआप त्यांच्या पलीकडच्या माणसाकडे जाई.

त्या वर्षी बाईंनी मला बोलावलं. एजवेअरच्या त्यांच्या छोट्या घरात पाहुणे दाटीवाटीने बसलेले, बिनखमिराची भाकरी, कडू पाला, नारळाच्या रसातली कोंबडी. पुस्तक फिरत फिरत मामांपाशी आलं आणि पलीकडच्या चुलतभावाने सवयीने हात पुढे केला. मामांनी खिशातून चष्मा काढला. चुलतभावाचा हात तसाच हवेत राहिला. मामा वाचू लागले. इंग्रजीतला परिच्छेद, प्रत्येक शब्द पायाखालची वीट तपासून पुढे जावं तसा. मधे एका लांब नावापाशी थांबले. कुणीतरी मदत करायला तोंड उघडलं, तेव्हा बाईंनी फक्त तळहात वर केला. मामांनी ते नाव तुकडे करून, पुन्हा जोडून म्हटलं आणि परिच्छेद संपवला. मग त्यांनी चष्मा काढून सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, ‘आता पुढच्याचा चष्मा कुठे आहे ते बघा.’ इतकं हसू त्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर मामांनी हट्ट धरला की मराठीही शिकणार. ते काम बाईंनी घेतलं. मराठीत अक्षर जसं दिसतं तसंच बोलतं, त्यामुळे मामांची गाडी इंग्रजीपेक्षा बरी चाले. वेलांटीशी मात्र त्यांचं जुनं वैर. उच्चारात मागून येणारी आणि लिहिण्यात आधी येणारी पहिली वेलांटी म्हणजे रांगेत घुसणारा माणूस, असं ते म्हणत. बाई ऐकत, हसत आणि वाट बघत.

गेल्या वर्षी बाईंचं हृदय थकलं. जिने बंद झाले, मग बाहेर जाणंच बंद झालं. तरी सर्टिफिकेट नवं करायची वेळ आली तेव्हा पलंगावर टेकून त्यांनी ऑनलाइन लेक्चर ऐकली. मी म्हटलं, ‘बाई, आता कुणाची टेस्ट घेणार आहात?’ म्हणाल्या, ‘घेईन न घेईन. पण लॅप्स का होऊ द्यायचं?’ सर्टिफिकेट नवं झालं. शेवटच्या महिन्यांत मामा रोज येत आणि मोबाइलवर अक्षरं मोठी करून मराठी बातम्या त्यांना वाचून दाखवत. एकदा मी गेले तेव्हा मामा एका जोडाक्षरापाशी अडले होते आणि बाई डोळे मिटून पडल्या होत्या. मला वाटलं झोपल्यात. मामांनी तो शब्द काढला, बरोबर काढला, आणि डोळे न उघडता बाई म्हणाल्या, ‘पुढे?’

दफन त्यांच्या रीतीप्रमाणे लगेच झालं. सात दिवस घरात मंडळी येत होती. मार्गरेटही आली. दाराशी उभी राहून मला म्हणाली, दर वर्षी नव्या वर्गाला ती एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगते, नाव न घेता, जिला बोलणं थांबवायला साठीनंतर शिकावं लागलं आणि जिने ते शिकून घेतलं. आमच्या शाळेतली एक तरुण टीचिंग असिस्टंट याच सप्टेंबरपासून त्या वर्गात जाणार आहे. हेडटीचरने तिला अभ्यासासाठी शुक्रवारची दुपार आधीच मोकळी करून दिलीय.

गेल्या आठवड्यात एलियामामांबरोबर दगडवाल्याकडे गेले होते. कबरीवरचा दगड बसायला अजून अवकाश आहे, पण मजकूर आधी ठरवावा लागतो. वर हिब्रू, मधे इंग्रजी, आणि खाली मामांच्या आग्रहाने नाव मराठीत. दगडवाला तरुण होता, अदबशीर. त्याने कॉम्प्युटरवरून काढलेला नमुना आमच्यासमोर ठेवला. पाहताक्षणी मला चूक दिसली. त्याच्या मशीनला देवनागरी येत नव्हती. सिपोरामधली पहिली वेलांटी ‘स’च्या आधी यायची, ती ‘स’ ओलांडून पलीकडे जाऊन पडली होती. मी तोंड उघडलं... आणि मिटलं. मामांनी चष्मा लावला. हिब्रूवरून नजर गेली, इंग्रजीवर बोट फिरलं, मग बोट खालच्या ओळीवर आलं आणि थांबलं. दगडवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावरून बस गेली, दुसरी गेली. मामांच्या ओठांतून अगदी बारीक आवाज येत होता, ‘स... स...’ बोट मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. मग त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, त्या वेलांटीवर काट मारली, ‘स’च्या डाव्या हाताला नवी काढली, नीट, वरच्या रेघेला टेकवून, आणि कागद त्या तरुणापुढे सरकवला.

‘माय सिस्टर्स नेम,’ ते म्हणाले. ‘धिस वन कम्स फर्स्ट.’